हेब्बाळची नाचणी आणि प्रतिकारशक्तीचा हिशेब

२०२० सालच्या महासाथीनंतर नाचणीच्या पिठाच्या, सत्त्वाच्या आणि बिस्किटांच्या पुड्यांवर ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ हे शब्द सर्रास दिसू लागले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा या शब्दांना जणू राजमान्यताच मिळाली. त्याच सुमारास जस्ताच्या आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही घरोघरी पोहोचल्या. पुडीवरचा दावा आणि गोळीच्या वेष्टनावरचा दावा एकच होता. तो सर्वस्वी खोटा नाही. पण जसा मांडला जातो, तसा खराही नाही.

अन्नातील सूक्ष्म घटक आणि रोगाशी झुंजण्याची शरीराची क्षमता यांचे नाते विज्ञानाला एका दिवसात उमगलेले नाही. त्याला जवळजवळ एक शतक लागले आणि त्या शोधाचे कित्येक टप्पे भारतात पार पडले. नाचणीपुरता हा इतिहास सुरू होतो तो बेंगळुरूच्या उत्तरेकडील हेब्बाळ येथे. विमानतळाकडे जाणाऱ्या उड्डाणपुलामुळे आज हे नाव सर्वांच्या तोंडी असते. शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र ते वेगळ्या कारणाने ठाऊक असते.

पोट भरण्याचा प्रश्न

१८७६ ते १८७८ या काळातील महादुष्काळात मैसूर संस्थानातील लक्षावधी माणसे दगावली. त्या आठवणी ताज्या असतानाच, १८९९ साली, संस्थानच्या पालक महाराणी केंपनंजम्मण्णी यांनी हेब्बाळ येथील तीस एकर जमीन प्रायोगिक शेतीसाठी दिली. कृषिरसायनशास्त्रज्ञ ॲडॉल्फ लेहमन यांनी तेथे माती आणि खते यांच्या अभ्यासाला आरंभ केला. १९०८ साली लेस्ली कोलमन हे कॅनडाचे शास्त्रज्ञ मैसूरच्या सेवेत आले. बुरशीशास्त्र आणि कीटकशास्त्र हे त्यांचे मूळ विषय. पुढे ते संस्थानच्या कृषी खात्याचे संचालक झाले. १९१३ साली हेब्बाळला कृषिशाळा निघाली. १९४६ मध्ये तेथे कृषी महाविद्यालय सुरू झाले आणि १९६४ मध्ये त्यातूनच आजचे कृषी विज्ञान विद्यापीठ उभे राहिले.

या परिसराचे मुख्य धान्य म्हणजे रागी, अर्थात आपली नाचणी. कोकणात आणि नाशिकच्या डोंगराळ पट्ट्यात तिलाच नागली म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारावर जन्मलेले हे पीक हजारो वर्षांपूर्वी भारतात आले आणि कमी पावसाच्या, हलक्या जमिनीत रुजले. तिचा दाणा इतका बारीक की त्याला सहसा कीड लागत नाही. म्हणून मैसूरचे शेतकरी ती जमिनीतल्या पेवांत वर्षानुवर्षे साठवून ठेवत. दुष्काळाच्या छायेत वावरणाऱ्या प्रदेशाला याहून मोलाचे धान्य कोणते असणार? कोलमन यांनी १९२० साली मैसूरमधील रागीच्या लागवडीवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. निवड पद्धतीने ‘एच-२२’सारखी वाणे तयार झाली. पुढे मंड्या येथे लक्ष्मणय्या यांनी भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून ‘इंडाफ’ मालिकेची वाणे दिली आणि नाचणीच्या उत्पन्नाचे चित्रच पालटले. कर्नाटक त्यांना ‘रागी लक्ष्मणय्या’ म्हणून ओळखतो.

या साऱ्या खटाटोपामागचा प्रश्न एकच होता: एकरी किती पोती? तो प्रश्न रास्तही होता. भुकेल्या माणसाला आधी धान्य हवे असते. त्या धान्यात लोह किती, जस्त किती, ते शरीराला मिळते किती, हे प्रश्न तेव्हा शेतीच्या विद्येत यायचे होते. ते आले प्रयोगशाळेतून.

भरल्या पोटाची भूक

१९१२ साली कासिमिर फुंक यांनी ‘व्हिटॅमिन’ हा शब्द योजला. अन्नात पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ आणि क्षार यांच्याखेरीजही अत्यल्प प्रमाणात लागणारे काही घटक असतात, हे केंब्रिजचे फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांनी प्रयोगांनी दाखवले. त्यासाठी त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात हाच धागा निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उचलला. १९१८ साली बेरीबेरीच्या चौकशीसाठी सुरू झालेले त्यांचे काम पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळेच्या रूपाने स्थिरावले.

मॅककॅरिसन यांनी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचा आहार पांढऱ्या उंदरांना देऊन पाहिला. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले आणि मद्रासी आहारावरचे सर्वांत खुरटे. मराठा आहार वरच्या बाजूस होता, कानडी आहार खालच्या. यातून कोणी वंशांच्या बळाचा निष्कर्ष काढू पाहील. पण पिंजऱ्यातले उंदीर एकाच जातकुळीचे होते. फरक होता तो दूध, डाळी, भाजीपाला आणि न सडलेल्या धान्याचा. हीन आहारावरचे उंदीर नुसते हडकले नाहीत, तर त्यांना फुप्फुसांचे आणि आतड्यांचे विकारही अधिक जडले. पोट भरलेले असूनही शरीर रोगाला बळी पडू शकते, ही गोष्ट तेथे डोळ्यांपुढे आली.

याच काळात हेब्बाळपासून काही किलोमीटर अंतरावरील भारतीय विज्ञान संस्थेत एक मराठी विद्यार्थिनी दाखल झाली. कमला भागवत, म्हणजेच पुढच्या डॉ. कमला सोहोनी. मुंबईहून पदवी घेऊन १९३३ साली त्या आल्या, तेव्हा संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर वर्षभराच्या परीक्षाकाळाच्या अटीवर प्रवेश मिळाला. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर काम केले. त्यांचे काम पाहून नंतर संस्थेची दारे इतर स्त्रियांनाही खुली झाली. केंब्रिजला हॉपकिन्स यांच्या विभागात संशोधन करून १९३९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. भारतात परतल्यावर काही काळ दिल्लीत आणि मग कुन्नूरच्या प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या आल्या, तेव्हा त्यांच्या संशोधनाला आणखी स्पष्ट दिशा मिळाली: गरिबाच्या हाती लागणारे अन्न. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. नीरेत ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वे व लोह असल्याचे आणि तिच्यापासून केलेल्या गुळातही हे घटक टिकत असल्याचे त्यांनी दाखवले. आदिवासी भागांतील कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. नीरा ज्यांना दिली, त्यांच्या आहारात या घटकांची उणीव होती. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली याच गोष्टीत आहे.

‘अ’ जीवनसत्त्वाचा उदय आणि मर्यादा

१९२८ साली इंग्लंडमध्ये ग्रीन आणि मेलनबी यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाला ‘संसर्गरोधक’ असे विशेषण लावले. श्वसनमार्ग, आतडी आणि डोळे यांच्यावरचे नाजूक अस्तर धड राखण्याचे काम हे जीवनसत्त्व करते. ते कमी पडले की अस्तर कोरडे आणि खडबडीत होते आणि जंतूंना वाट मिळते. पण लवकरच सल्फा औषधे आणि प्रतिजैविके आली आणि ही कल्पना मागे पडली. भारताने १९७० साली लहान मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याचा कार्यक्रम सुरू केला, तो अंधत्व टाळण्यासाठी. मृत्यू टाळण्यासाठी नव्हे.

१९८३ साली आल्फ्रेड सोमर यांनी इंडोनेशियातील मुलांविषयी एक अनपेक्षित निरीक्षण मांडले. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या सौम्य कमतरतेनेही, डोळ्यांवर गंभीर परिणाम होण्याआधीच, मुलांच्या मृत्यूचे प्रमाण वाढत होते. १९८६ च्या सुमात्रातील चाचणीत जीवनसत्त्व दिलेल्या गावांत मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. १९९० साली मदुराईजवळच्या चाचणीचा निष्कर्ष आणखी ठळक होता. तेथे दर आठवड्याला, रोजच्या आहारातून मिळावी तेवढीच अल्प मात्रा देऊन मृत्यू ५४ टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची चाचणीही प्रसिद्ध झाली. ही संस्था म्हणजे कुन्नूरच्या प्रयोगशाळेचेच पुढचे रूप. तेथे सहा महिन्यांतून एकदा मोठी मात्रा दिली गेली होती आणि मृत्यूंत फरक आढळला नाही. २०१३ साली उत्तर प्रदेशातील सुमारे दहा लाख मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. त्यांतील घट अवघी चार टक्के आणि तीही संख्याशास्त्राच्या दृष्टीने अनिश्चित होती.

जीवनसत्त्व एकच, देश एकच. मग निष्कर्ष इतके निराळे का? एक कारण मात्रा देण्याच्या पद्धतीत असू शकते आणि दुसरे मुलांच्या मूळ अवस्थेत. उणीव जितकी खोल, गोवर आणि अतिसार यांचा जोर जितका अधिक, तितका जीवनसत्त्वाचा लाभ मोठा. लसीकरण वाढले, आहार थोडा सुधारला की तीच मात्रा पूर्वीइतके जीव वाचवत नाही. मोठ्या मात्रांपेक्षा हिरव्या पालेभाज्या, पिवळी-केशरी फळे आणि दूध यांवर भर द्यावा, असा आग्रह डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या पोषणतज्ज्ञांनी सातत्याने धरला, त्यामागे हाच विचार होता.

जस्त आणि भाकरीतला अडसर

जस्ताची कथा नाचणीच्या अधिक जवळची आहे. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९६० च्या सुमारास इराणमध्ये शिराझ येथे काम करत होते. वाढ खुंटलेले, वयात न आलेले तरुण त्यांनी तेथे पाहिले. या तरुणांचा आहार मुख्यतः न आंबवलेल्या रोटीचा होता. पुढे इजिप्तमध्ये १९६३ साली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसातील जस्ताची कमतरता सिद्ध केली. या तरुणांपैकी बरेच जण पंचविशीच्या आत संसर्गाने दगावत, असे प्रसाद यांनी नोंदवले आहे. छातीतील थायमस ग्रंथीत घडणाऱ्या टी-पेशी जस्ताअभावी अपुऱ्या पडतात, हे त्यामागचे एक प्रमुख कारण पुढे स्पष्ट झाले.

विशेष म्हणजे त्या रोटीत जस्त होतेच. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे संयुग असते. ते जस्ताला आणि लोहाला घट्ट धरून ठेवते आणि आतड्यांत शोषले जाऊ देत नाही. धान्यात काय आहे आणि शरीराला काय मिळते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जस्ताने शिकवले. १९९५ साली दिल्लीतील लहान मुलांवरील चाचणीत जस्त दिल्याने अतिसाराचा कालावधी कमी झाल्याचे दिसले. अशाच अनेक चाचण्यांच्या आधारे २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी अतिसार झालेल्या मुलांना क्षार-साखरेच्या पाण्याबरोबर १० ते १४ दिवस जस्त देण्याची शिफारस केली. आज ती शासकीय आरोग्य केंद्रांच्या उपचारांचा भाग आहे.

लोहाने याहून सावध धडा दिला. लोहाअभावी रक्तक्षय होतो आणि प्रतिकारक पेशींचे कामही मंदावते. पण जंतूंनाही वाढीसाठी लोह लागते. म्हणूनच संसर्ग झाल्यावर शरीर रक्तातील लोह लपवून ठेवते. टांझानियातील पेंबा बेटावर, जेथे हिवतापाचा जोर होता, तेथे सर्व मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक आम्ल देण्याची चाचणी झाली. २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्यांना लोह दिले, त्यांच्यात रुग्णालयात दाखल होण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण वाढले होते. जस्ताच्या गोळ्यांचेही तसेच. गरज नसताना दीर्घकाळ घेतलेले जास्त जस्त शरीरातील तांब्याची कमतरता निर्माण करते आणि त्यातून प्रतिकारक पेशी उलट घटतात.

पुन्हा दाण्याकडे

आता नाचणीचा हिशेब मांडता येईल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, ४.६ मिलिग्रॅम लोह आणि २.५ मिलिग्रॅम जस्त असते. पांढऱ्या तांदळात हेच आकडे अनुक्रमे सुमारे ७.५, ०.६५ आणि १.२ आहेत. म्हणजे तांदळाच्या जागी नाचणी आली, तर खनिजांची बाजू निश्चितच भक्कम होते. मात्र नाचणीत ‘क’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते आणि ‘अ’ जीवनसत्त्वासाठीही तिच्यावर विसंबता येत नाही. शिवाय तिच्यात फायटेट आणि टॅनिन आहेत. त्यामुळे तक्त्यातले सगळे लोह रक्तात उतरत नाही.

हा अडसर दूर करण्याचे उपाय मात्र जुन्या स्वयंपाकघरांतच होते. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून केलेले सत्त्व बाळाला देण्याची रीत महाराष्ट्रात आणि कर्नाटकात सर्वत्र आहे. मोड येताना दाण्यातले फायटेज विकर जागे होते आणि फायटेटचे विघटन करते. आंबील आंबवताना हेच घडते. भाकरीबरोबर लिंबू, आवळा किंवा कच्ची भाजी असली, तर ‘क’ जीवनसत्त्व लोहाच्या शोषणाला हातभार लावते. ज्या आजींनी ही रीत चालवली, त्यांना फायटेटचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बाळाला काय मानवते, हे मात्र त्यांनी पाहिले होते.

शेतीशास्त्रही आता जुन्या प्रश्नात नव्या प्रश्नाची भर घालू लागले आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सहकार्याने लोहाने समृद्ध अशी ‘धनशक्ती’ बाजरी विकसित केली आणि २०१४ साली ती देशभर प्रसारित झाली. बेळगावातील सुमारे दोन वर्षांच्या मुलांवरील अभ्यासात, लोह-जस्त वाढवलेल्या बाजरीचा शिरा, उपीट आणि भाकरी खाणाऱ्या मुलांनी दिवसाला सरासरी ०.६७ मिलिग्रॅम लोह शोषले. साध्या बाजरीतून ते ०.२३ मिलिग्रॅम होते. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी महाराष्ट्रातील शाळकरी मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. तेथे मुलांना बाजरीची भाकरी आणि शेव दिली जात होती. ज्यांच्या शरीरात आरंभी लोहाची कमतरता होती, त्यांच्यातील ती सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता समृद्ध बाजरीमुळे ६४ टक्क्यांनी अधिक होती.

नाचणीतही हे काम चालू आहे. लघु तृणधान्यांच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे मुख्यालय दीर्घकाळ बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातच होते. करपा रोगाला दाद न देणारे ‘जीपीयू-२८’ हे वाण तेथलेच. वाणाची निवड करताना उत्पन्न आणि रोगप्रतिकार यांच्या जोडीला कॅल्शियम, लोह आणि जस्त यांचेही मोजमाप होऊ लागले आहे. २०२० साली देशाला मिळालेल्या ‘सीएफएमव्ही-१’ या नाचणीच्या वाणात शंभर ग्रॅममागे ४२८ मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ५.८ मिलिग्रॅम लोह असल्याची नोंद आहे. ‘एकरी किती पोती’ या प्रश्नाशेजारी ‘पोत्यात काय’ हा प्रश्न येऊन बसायला एक शतक जावे लागले.

उणीव आणि वाढ

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. मात्र पुडीवर छापण्याइतका आकर्षक नाही. जीवनसत्त्वे आणि खनिजे प्रतिकारशक्ती ‘वाढवत’ नाहीत. त्यांच्या अभावी ढासळलेली प्रतिकारशक्ती ती पूर्ववत करतात. सुमात्रातील, मदुराईतील, बेळगावातील मुलांना लाभ झाला, कारण त्यांच्याकडे ते घटक नव्हते. ज्याच्या ताटात डाळ, भाजी, फळ, दूध किंवा अंडे रोज आहे, त्याने आणखी एक गोळी घेतल्याने त्याचे शरीर अधिक सज्ज होत नाही. क्वचित त्याची हानीच होते. उलट, ज्या घरात वर्षाचे आठ महिने नुसता भात आणि पातळ आमटी आहे, तेथे मूठभर मोड आलेली नाचणी, पालेभाजी आणि वेळेवरची लस एखाद्या मुलाचा न्यूमोनिया किंवा अतिसार जीवघेणा होण्यापासून टाळू शकते.

आज मात्र बाजाराचा ओघ नेमका उलट्या दिशेने आहे. समृद्ध घरांत गोळ्यांची आणि महागड्या ‘सुपरफूड’ पुड्यांची भर पडते. ज्या डोंगराळ गावांत नागली पिकते, तेथील मुलाच्या ताटातून मात्र ती हळूहळू नाहीशी होते. कर्नाटकातील शिधावाटपात रागीला स्थान मिळाले आहे. अंगणवाडीच्या आणि शाळेच्या आहारात भरडधान्ये आणण्याचे प्रयत्न अनेक राज्यांत चालू आहेत. विज्ञानाने शंभर वर्षांत जे दाखवून दिले, त्याची खरी कसोटी तेथेच लागेल. हेब्बाळच्या तीस एकरांवर दुष्काळाला उत्तर शोधले जात होते, ते ज्याच्याकडे धान्य नाही अशा माणसासाठी. आजचा प्रश्न धान्यातल्या लोहाचा आणि जस्ताचा असला, तरी तो ज्याच्यासाठी विचारायचा, तो माणूस बदललेला नाही.